पाईपलाईनचा जोड का सुटतो? सोल्युशन, एमसील आणि सिलिकॉनमागचं रसायन सोप्या भाषेत

रात्रीची लाईट आली, मोटार चालू केली आणि थोड्या वेळाने बघायला गेलो तर पाणी पिकात नाही, पाईपलाईनच्या चरात! एल्बो निसटलेला. लाईट जाईपर्यंत विहिरीतलं पाणी तसंच वाहून गेलं. रब्बीच्या दिवसांत ही गोष्ट दर दोन-चार गावांत कुणाच्या तरी शेतात घडतेच. मग सगळा दोष सोल्युशनवर जातो. "आजकाल मालच डुप्लिकेट येतो," असं म्हणून आपण मोकळे होतो.

कधी कधी माल खराब असतोही. पण बऱ्याच वेळा सोल्युशन चांगलं असतं आणि वापरायची पद्धत चुकलेली असते. कारण आपण सगळ्या चिकटवणाऱ्या वस्तूंना एकाच माळेत ओवतो. लावायचं, दाबायचं आणि वाळू द्यायचं, एवढंच आपल्याला माहीत. प्रत्यक्षात दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक ट्यूबचं रसायन वेगळं आहे. कुणाला हवा लागते, तर कुणाला हवा चालत नाही. कुणाला ओल लागते, कुणाला जोडीदार लागतो. हे एकदा समजलं की पैसा वाचतो, पाणी वाचतं आणि एखाद्या वेळी जीवही वाचतो.

आधी होता सरस

जुन्या सुतारांना सरस आठवत असेल. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला हा डिंक. गरम करून लावायचा, थंड झाला की पकड घ्यायचा. पण पावसाळ्यात ओल लागली की जोड सैल. पुढे पांढरा फेविकॉल आला. पिडिलाईट कंपनीने 1959 मध्ये तो बाजारात आणला आणि सुताराची चूल सुटली. त्यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. लाकूड पाणी शोषून घेतं, कण एकमेकांना भिडतात आणि सलग थर तयार होतो. म्हणूनच तो लाकडावर, पुठ्ठ्यावर उत्तम चालतो, पण लोखंडावर किंवा काचेवर नाही. तिथे पाणी शोषणार कोण?

साध्या भाषेत सांगायचं तर कुठल्याही चिकटवणाऱ्या पदार्थाला दोन कामं करावी लागतात. आधी पातळ होऊन पृष्ठभागावर नीट पसरायचं आणि मग घट्ट व्हायचं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जो शोध लागला तो मुख्यतः या दुसऱ्या कामात, म्हणजे घट्ट कसं व्हायचं यात.

पीव्हीसी पाईप: चिकटत नाही, विरघळून एक होतो

पीव्हीसी पाईपचं सोल्युशन हा डिंक नाहीच. त्यात पीव्हीसीच विरघळवलेलं असतं, टेट्राहायड्रोफ्युरान, एमईके, सायक्लोहेक्झानोन अशा द्रावकांमध्ये. हे द्रावक पाईपचा आणि सॉकेटचा वरचा थर मऊ करतात. दोन्हीकडचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रावक उडून गेल्यावर ते एकच होतं. थोडक्यात हे विस्तवाशिवायचं वेल्डिंग आहे.

आता बघा, जोड का सुटतो. पाईपवर माती किंवा ओल असेल तर द्रावक प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही. पाईप तिरका कापला तर सॉकेटमध्ये पूर्ण टेकत नाही. सोल्युशन फक्त पाईपला लावलं आणि सॉकेट कोरडं ठेवलं तर अर्धंच वेल्डिंग होतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. जोड वरून कडक वाटतो, पण आतलं द्रावक अजून उडालेलं नसतं. तेवढ्यात मोटार चालू झाली की पाण्याचा दाब मऊ प्लास्टिकला ढकलून देतो.

पद्धत अवघड नाही. पाईप सरळ कापा. कानस किंवा पॉलिश पेपरने कापलेल्या कडेची कुसळं काढा. कोरड्या फडक्याने पुसा. सॉकेटमध्ये पाईप किती आत जातो त्याची खूण करा. दोन्हीकडे सारखा थर लावा, पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत आत घाला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडला तर जोड मागे सरकतो. बाहेर आलेलं सोल्युशन पुसून घ्या. पाणी सोडायच्या आधी डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. शक्य असेल तर पूर्ण एक दिवस थांबा. मोठ्या पाईपला आणि थंडीत जास्त वेळ लागतो, कारण थंड हवेत द्रावक सावकाश उडतं. डिसेंबरच्या पहाटे केलेला जोड आणि एप्रिलच्या दुपारी केलेला जोड सारखा नसतो.

डब्यावर आयएस 14182 हा क्रमांक आहे का बघा. पीव्हीसी पाईपच्या सोल्युशनचं हे भारतीय मानक आहे. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर फेकून द्या. थिनर किंवा पेट्रोल घालून ते पातळ करू नका.

काळ्या नळीला आणि टाकीला काहीच का चिकटत नाही?

हा प्रश्न दुकानात नेहमी येतो. ठिबकची काळी नळी, एचडीपीई पाईप आणि घरावरची प्लास्टिकची टाकी हे सगळे साधारणपणे पॉलिथिनचे असतात. पॉलिथिनचा स्वभाव मेणासारखा. साध्या तापमानाला द्रावक त्यात शिरत नाही आणि डिंकाला पकडायला त्याच्या पृष्ठभागावर काही सापडत नाही. म्हणून पीव्हीसीचं सोल्युशन तिथे वाया जातं. टाकीच्या तड्यावर लावलेलं एमसील काही दिवसांनी पापुद्र्यासारखं निघतं तेही याच कारणाने.

त्यावर उपाय एकच, उष्णता. एचडीपीई पाईप तापवून, वितळवून जोडतात. टाकीचा तडाही त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून भरतात. ठिबकच्या नळीला तर चिकटवायचंच नसतं, म्हणून तर तिथे रबरी ग्रोमेट आणि जॉइनर दिलेले असतात.

एमसील: जोडीदार भेटल्याशिवाय घट्ट होत नाही

एमसीलच्या पाकिटात दोन रंगांच्या दोन कांड्या असतात. एक इपॉक्सी रेझिन आणि दुसरा हार्डनर. वेगवेगळे ठेवले तर वर्षभर काही होत नाही. एकत्र मळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि रेणूंचं जाळं विणलं जातं. एकदा हे जाळं झालं की ते पुन्हा वितळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1930 च्या दशकात यावर काम सुरू झालं आणि आज विमानापासून पुलापर्यंत सगळीकडे इपॉक्सी वापरतात.

इथे "वाळणं" हा शब्दच चुकीचा आहे. काही उडून जात नाही, सगळं आतच राहतं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात घ्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळा. मध्ये पांढऱ्या रेघा दिसत असतील तर ती जागा कायम मऊ राहणार. हार्डनर जास्त घातला की लवकर आणि पक्कं होतं हा गैरसमज आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडीदारच मिळत नाही, उलट जोड कच्चा राहतो.

लोखंडी पाईपची गळती बंद करायची तर आधी पाणी बंद करा, गंज घासून काढा आणि मग लावा. चालू दाबावर लावलेलं एमसील पाण्याच्या धारेबरोबर निघून येतं. उन्हात उघड्यावर इपॉक्सी हळूहळू पिवळी पडून भुसभुशीत होते, म्हणून वरून रंगाचा हात द्या.

नटाचं औषध: हवा बंद झाली की काम सुरू

मळणी यंत्राचे, ट्रॅक्टरचे नट हादऱ्याने सैल होतात. मेकॅनिक आट्यांवर एक थेंब टाकून नट आवळतो, तो थेंब म्हणजे रसायनशास्त्राची खरी गंमत. अमेरिकेतल्या ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये हे तयार केलं. लॉकटाईट हे नाव त्यातूनच पुढे आलं.

हवेतला ऑक्सिजन मिळतो तोवर हा पदार्थ पातळ राहतो. म्हणून त्याची बाटली पूर्ण भरत नाहीत, आत हवा ठेवतात. नट आवळला की आट्यांमधली हवा बंद होते, लोखंडाचा स्पर्श होतो आणि तो घट्ट व्हायला लागतो. बाहेर सांडलेला थेंब मात्र ओलाच राहतो. ते बघून "हे लागलंच नाही" असं समजू नका. आट्यांवर ग्रीस किंवा तेल असेल तर आधी पुसा. जो नट वारंवार खोलायचा असतो त्याला कमी पकडीचा प्रकार मागा. जास्त पकडीचा लावला तर तो तापवल्याशिवाय निघत नाही.

सिलिकॉन: हवेतली ओल खाऊन रबर होतं

इंजिनच्या पॅकिंगला लावायची ट्यूब आणि खिडकीच्या फटीत भरायचं सिलिकॉन एकाच घराण्यातले. ट्यूबमधून बाहेर आलं की हवेतली ओल घेऊन त्याचं रबर होतं. ओल बाहेरून आत जाते, त्यामुळे जाड थर आतून उशिरा घट्ट होतो. दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर एवढाच त्याचा वेग.

काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. घट्ट होताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. काचेला ते चालतं, पण तांब्याला आणि जस्ताच्या पत्र्याला ते खातं, सिमेंटवरही नीट धरत नाही. तिथे न्यूट्रल प्रकार मागा. इंजिनला लावताना बारीक रेघ पुरते. जास्त लावलं तर आत सांडलेले तुकडे ऑईलच्या जाळीत जाऊन बसतात, आणि मग पॅकिंगच्या कामाचं इंजिनकाम होतं.

फेविक्विक: एक थेंब बस

लगेच चिकटणाऱ्या या प्रकाराला सायनोॲक्रिलेट म्हणतात. अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर 1942 मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ जिथे तिथे चिकटायला लागला म्हणून बाजूला टाकला. 1951 मध्ये त्याची खरी किंमत लक्षात आली आणि 1958 मध्ये तो बाजारात आला.

पृष्ठभागावरची नकळत असलेली ओल याला पुरते. आपल्या बोटांवर ती कायम असते, म्हणून बोटं आधी चिकटतात. थर जितका पातळ तितकी पकड चांगली. पण धक्का आणि सततचं पाणी त्याला सोसत नाही. कापसावर किंवा सुती कपड्यावर जास्त सांडलं तर एकदम तापतं, चटका बसू शकतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात सावकाश सोडवा. डोळ्याला लागलं तर पापणी न ओढता थेट डॉक्टरांकडे जा. दुकानातलं हे औषध जखमेवरही लावू नका.

वास म्हणजे इशारा

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाईपचं सोल्युशन, पंक्चरचं सोल्युशन, चपलेचं पिवळं सोल्युशन या सगळ्यांतून उडणारी वाफ पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असते. म्हणजे ती वर जात नाही, खाली साचते. विहिरीत उतरून जोड करणारा माणूस त्या वाफेतच उभा असतो. चक्कर येऊ शकते, आणि कुणी बिडी पेटवली तर भडका उडू शकतो. म्हणून जमतील तेवढे जोड वर, उघड्यावर करा आणि मग पाईप खाली सोडा. उतरावंच लागलं तर एकट्याने उतरू नका. वर माणूस आणि कमरेला दोर पाहिजेच.

बंद खोलीत रोज हे काम करणाऱ्यांना धोका जास्त. जपान आणि इटलीत चपला-बूट बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली ताकद गेली होती, ती सोल्युशनमधल्या हेक्झेन या द्रावकामुळे. तुर्कस्तानात बेंझिन असलेल्या सोल्युशनमुळे चांभारकाम करणाऱ्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं 1970 च्या दशकात डॉक्टरांनी दाखवून दिलं. म्हणूनच आता पाण्यावर चालणारे आणि गरम करून लावायचे प्रकार वाढतायत. वास कमी, धोका कमी. दुकान छोटं असलं तरी खिडकी उघडी ठेवणं आपल्या हातात आहे. आणि हे डबे पोरांच्या हाती लागू देऊ नका.

दुकानात जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा

- पीव्हीसी पाईप: त्याचंच सोल्युशन, दोन्हीकडे लावा आणि पाणी सोडायची घाई नको. सीपीव्हीसीला वेगळं सोल्युशन लागतं.
- काळी नळी, एचडीपीई, प्लास्टिकची टाकी: डिंक नको. उष्णता किंवा जॉइनर.
- लोखंडी पाईपची गळती: पाणी बंद, गंज साफ, मग एमसील.
- सैल होणारे नट: हवा बंद झाल्यावर घट्ट होणारं औषध, आटे पुसून.
- इंजिनचं पॅकिंग: सिलिकॉनची बारीक रेघ.
- लाकूड: पांढरा फेविकॉल. पण जिथे पाणी लागतं तिथे पाणी सोसणारा प्रकारच मागा.

दुकानदाराला "चांगलं सोल्युशन द्या" एवढंच सांगू नका. कशाला काय जोडायचंय, पाणी लागणार का, ऊन लागणार का, हे सांगा. आणि मोटारीचं बटण दाबण्याआधी जोडाला त्याचा वेळ द्या. एक दिवस थांबलेलं परवडतं, रात्रीची लाईट आणि विहिरीतलं पाणी वाया गेलेलं परवडत नाही.