‘बायवीकली’ म्हणजे नेमके केव्हा?

इंग्रजीतला ‘बाय’ हा उपसर्ग मोठा फसवा आहे. ‘बाय’ म्हणजे दोन, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोश उघडावा, तर दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदताना दिसतात! ‘बायमंथली’ची तीच कथा.

वर्षाच्या बाबतीत इंग्रजीने थोडी सोय केली आहे. ‘बायअॅन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा आणि ‘बायएनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. पण कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. राज्यसभेचे, तसेच कर्नाटक व महाराष्ट्राच्या विधान परिषदांचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. त्यामुळे होणाऱ्या निवडणुका ‘बायएनियल’. आपण त्यांना द्वैवार्षिक म्हणतो आणि प्रश्न मिटतो.

अमेरिकेत पगाराच्या भाषेत ‘बायवीकली’ म्हणजे दर दोन आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला साधारण २६ पगार. ‘सेमीमंथली’ म्हणजे महिन्यातून दोनदा, म्हणजे २४. शब्द चुकला की हिशेब चुकला!

मराठीत हा घोळ नाही. साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक ही उतरंड सरळ आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ च्या जानेवारीत पाक्षिक म्हणून निघाले, तेव्हा अंक केव्हा हाती पडणार हे त्या एका शब्दातच आले. घरगुती बोलीत तर ‘आड’सारखा नेमका शब्द आहे. ‘दिवसाआड पाणी’ म्हटले की घागरी केव्हा भरायच्या, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पाण्यात चूक झाली तर निभावते, औषधात निभावत नाही. डॉक्टरी चिठ्ठीत ‘क्यूडी’ म्हणजे रोज एकदा आणि ‘क्यूओडी’ म्हणजे दिवसाआड. मधल्या एका अक्षराच्या गफलतीने दिवसाआडचे औषध रोज पोटात जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली ही दोन्ही संक्षिप्त रूपे वर्ज्य ठरविली.

आमचे सांगणे इतकेच, की चिठ्ठी इंग्रजीत असली तरी औषधाच्या दुकानात आपल्या भाषेत विचारून घ्यावे : ‘रोज की दिवसाआड?’ विचारण्यात कमीपणा नाही. नोटीस, करार वा वर्गणीची पावती हाती आली, तरी सही करण्यापूर्वी ‘वर्षातून किती वेळा?’ हा प्रश्न जरूर करावा.