नाव ओठांवरच अडतं तेव्हा

गेल्या वैशाखात एका मंगल कार्यालयात एक बाई आईसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. आई ७६ वर्षांची. त्या एका क्षणात तिला बाईंचं गिरगावातलं बिऱ्हाड आठवलं, जिन्यातली मोडकी पायरी आठवली, त्यांच्या हातच्या अळूवड्या आठवल्या. नाव तेवढं काही केल्या आठवेना. परतताना गाडीत ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मला तो विसरण्याचा आजार तर लागला नाही ना गं?"

ही भीती आज घरोघरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

"अगदी ओठांवर आहे" असं आपण म्हणतो, त्या अवस्थेवर रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रयोग केले. निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना फारसे वापरात नसलेल्या शब्दांचे अर्थ सांगायचे आणि शब्द ओळखायला लावायचे. ज्यांना शब्द सापडत नव्हता, त्यांनाही पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर सांगता येई, शब्द लांब की आखूड हे सांगता येई. म्हणजे शब्द पुसला गेलेला नसतो, त्याच्यापर्यंतची वाट अर्ध्यात तुटते.

पण ती नावाच्याच बाबतीत इतकी का तुटावी? 'सुतार' हा शब्द धंद्याचा म्हणून घ्या. त्याच्याबरोबर रंधा येतो, करवत येते, लाकडाचा भुसा येतो, घरी दार बसवायला आलेला माणूस येतो. इतक्या बाजूंनी तिथे पोचता येतं. तेच आडनाव असेल, तर समोरच्या चेहऱ्याशी त्याचा काय संबंध? एकच बारीक धागा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८७ साली नेमकं हेच तपासलं. अनोळखी चेहरा दाखवून 'हा बेकर, म्हणजे पाव भाजणारा' असं सांगितलं, तर लोकांच्या ते लक्षात राहायचं. 'याचं आडनाव बेकर' म्हटलं की तोच शब्द निसटायचा.

अमेरिकेतल्या डेबोरा बर्क आणि डोनाल्ड मॅके यांच्या मांडणीनुसार वयाबरोबर अर्थ आणि उच्चार यांना जोडणारे दुवे अशक्त होतात आणि ज्यांचा वापर कमी, ते आधी. कित्येक वर्षांत न उच्चारलेलं नाव पहिल्यांदा अडणार, यात नवल नाही. अर्थाच्या बाजूला मात्र सहसा फारसा धक्का लागत नाही. १९५६ पासून सिएटलमध्ये माणसांच्या बुद्धीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, तिथेही कामाचा वेग लवकर घटताना दिसला, शब्दसंग्रह साठीपर्यंत टिकून राहिला. आईचे अळूवड्यांचे तपशील शाबूत होते ते काही अपवाद म्हणून नव्हे.

टिमोथी सॉल्टहाउस आणि एरियल मँडेल यांचा २०१३ चा अभ्यास मला सर्वांत दिलासा देणारा वाटतो. १८ ते ९९ वयाच्या सातशेहून अधिक माणसांत वयाबरोबर नावं अडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण एकाच वयाची माणसं ताडून पाहिली, तर ज्यांची नावं जास्त अडतात त्यांची प्रसंगांची स्मृतीही दुबळी आहे, असं आढळलं नाही. स्मृतिभ्रंशात सुरुवातीला बहुधा हीच दुसरी स्मृती ढासळते.

काळजीची लक्षणं वेगळी आहेत. सकाळचं बोलणं झालंच नाही असं वाटून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचा हिशेब किंवा स्वयंपाकाचा क्रम जमेनासा होणं. असं दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांकडे जावं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा लहान नाही, पण उरलेल्या त्र्याण्णवांचीही नावं अडतातच.

कॅनडातल्या कॅरिन हम्फ्रीज यांनी २००८ मध्ये दाखवलं, की अडलेल्या शब्दासाठी जितका जास्त वेळ झटत बसावं, तितका तोच शब्द पुढच्या वेळी पुन्हा अडण्याचा संभव वाढतो. मेंदू अडण्याचीच वाट गिरवतो. त्यांचा सल्ला असा, की शब्द शोधून घ्यावा किंवा कुणाला विचारावा आणि सापडला की मोठ्याने उच्चारावा.

त्या रात्री दुधाला विरजण लावता लावता आईला ते नाव आठवलं. तिने स्वयंपाकघरातूनच हाक मारून मला सांगितलं. मी तिला ते आणखी दोनदा म्हणायला लावलं.