सत्कृत्यांची खतावणी

माणसाचा उद्धार विश्वासाने होतो की सत्कृत्यांनी, या प्रश्नावरून युरोपातले चर्च दुभंगले आणि दोन्ही पक्षांना आपापला आधार एकाच बायबलात सापडला. माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्रातील कृत्यांनी नव्हे, असे पौल रोमकरांस लिहितो. याकोबाचे पत्र म्हणते, नुसत्या विश्वासाने भागत नाही. त्यातही दोघांचा साक्षीदार एकच, अब्राहाम. पण दोघे कोणाशी भांडत आहेत ते पाहायला हवे. यहुदी नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी आधी सुंता करावी, खाण्यापिण्याचे नियम पाळावेत, असा काहींचा आग्रह होता. देवाने अब्राहामाला नीतिमान मानले तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, याची पौल त्यांना आठवण देतो. याकोबासमोर मंडळीत आधीच बसलेले लोक आहेत. उघड्या, उपाशी भावंडाला कोरडा आशीर्वाद देऊन ते वाटेला लावतात. असा विश्वास तर भुतांचाही असतो, असे तो सुनावतो. त्याने पुढे केलेला अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवणारा, म्हणजे कित्येक वर्षांनंतरचा आहे. पौलाचा प्रश्न प्रवेशाचा, याकोबाचा त्यानंतरच्या जगण्याचा.

म्हणून खरा वाद कृत्ये हवीत की नकोत हा नव्हताच, असे मला वाटते. कृत्यांची खतावणी मांडून ती देवापुढे ठेवता येते का, हा होता. 1517 साली योहान टेट्झेल जर्मनीत दंडमाफीपत्रे विकत फिरत होता. चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे त्यांनी पाप नव्हे, तर पापाबद्दलची ऐहिक शिक्षा माफ होत असे; गिऱ्हाइकाला हा फरक कितपत कळत होता, हा प्रश्नच आहे. जमलेल्या पैशातला निम्मा वाटा रोममधल्या सेंट पीटर बॅसिलिकेच्या बांधकामाला जाई, निम्म्यातून आर्चबिशप आल्ब्रेख्ट फुगर पेढीचे कर्ज फेडत होता. मार्टिन लुथर उसळला तो यावर. त्याला सत्कृत्यांचे वावडे असते, तर 1520 साली त्यांच्यावर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले नसते. देवाला काही चुकते करायचे उरले नाही, की माणसाचे हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात, ही त्याची मांडणी. लायस्निग गावाने 1523 साली गरीब, अनाथ आणि शाळा यांच्यासाठी सामाईक निधी उभारला. त्याच्या नियमावलीला प्रस्तावना लुथरचीच होती. याकोबाच्या पत्राला मात्र त्याने पेंढ्याचे म्हटले. तो उतावळेपणा होता, आणि पुढच्या आवृत्त्यांतून ते शब्द त्याने वगळले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: कृपा फुकट मिळत असेल तर माणूस सैल सुटणार नाही का? पौलाला तो ठाऊक होता आणि लुथरला तर अनुभवालाच आला. सॅक्सनीतली खेडी पाहून आल्यावर, लोक नव्या स्वातंत्र्याचा गैरवापर करायला शिकले, अशी तक्रार त्याने 1529 मध्ये नोंदवली. पण हा आक्षेप खतावणीच्या बाजूने काही सिद्ध करत नाही. दंडमाफीपत्र खिशात असलेला माणूसही तितकाच सैल सुटू शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात शेवटचा निवाडा विश्वास विचारतच नाही. भुकेल्याला अन्न दिले का, कैद्याला भेटलात का, एवढेच विचारतो. मात्र तिथले नीतिमान लोक चकित होतात. प्रभू, आम्ही तुला कधी जेवू घातले, असे तेच विचारतात. म्हणजे कृत्ये मोजली गेली, पण करणाऱ्यांनी ती मोजून ठेवली नव्हती. इथे कृत्ये अनिवार्यही आहेत आणि सौद्याचा मागमूसही नाही.

रोमची बाजू प्रोटेस्टंट प्रचारात रंगवली जाते तशी नव्हती, हेही सांगायला हवे. ट्रेंट परिषदेने 1547 साली ठरवले की नीतिमान ठरण्यापूर्वीचे काहीही, विश्वास असो वा कृत्ये, कृपेला पात्र करत नाही. मतभेद होता तो पुढच्या टप्प्यावर: कृपेत राहून केलेल्या कृत्यांना देवापुढे पुण्याचे मोल आहे का? ट्रेंटने होकार दिला, लुथरपंथीयांनी नकार. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे दोन्ही पक्षांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: स्वीकार होतो तो कृपेनेच, आणि सत्कृत्ये त्याचे फळ. हा नुसता शब्दांचा मेळ नव्हता, कारण सोळाव्या शतकातले परस्परांवरील धिक्कार आजच्या या शिकवणीला लागू नाहीत, असे दोघांनी मान्य केले. तरी दोनच महिन्यांत सुरू झालेल्या जयंती वर्षात रोमने दंडमाफी दिलीच. पैशासाठी नव्हे, ती देवघेव पायस पाचव्या पोपने 1567 मध्येच बंद केली होती. आता अटी होत्या तीर्थयात्रा, प्रार्थना, परोपकार अशा. कॅथलिक याला प्रायश्चित्ताचा भाग म्हणतो. लुथरच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र त्यात अजूनही जमाखर्च दिसतो.