कॅमेऱ्याचे ओझे कमरेवर

प्रवासात पायी फिरून छायाचित्रे काढणाऱ्याजवळ कॅमेऱ्याचे साहित्य साधारण दोन ते तीन किलोंचे असते. फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी बॅटरीसकट साडेसहाशे-सातशे ग्रॅम भरते. २४-७० मिलिमीटरची एफ २.८ झूम लेन्स जवळपास तितकीच, तर ७०-२०० मिलिमीटरची तशीच लेन्स एक ते दीड किलो. त्यावर जादा बॅटऱ्या, फिल्टर, लेन्स पुसायचे कापड आणि पाण्याची बाटली. एवढे वजन उचलणे कोणाला अवघड नाही. अवघड जाते ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगावर वागवणे. म्हणून बॅग निवडताना कप्पे किती हे नंतर पाहावे. हे वजन शरीराच्या कोणत्या भागावर बसणार, हे आधी पाहावे. जाहिराती मात्र कप्पेच मोजून दाखवतात.

खांद्यावरच्या पट्ट्याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. दोन किलोंच्या बॅगेचा भार सुमारे २० न्यूटन. पट्टा अडीच सेंटीमीटर रुंद असेल आणि खांद्याला दहा सेंटीमीटर लांबीभर टेकला असेल, तर हा भार २५ चौरस सेंटीमीटरवर पसरतो. त्या जागेवरचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या आसपास जातो. त्वचेतल्या केशवाहिन्यांत रक्त जिथे शिरते तिथला दाब सुमारे ३२ मिलिमीटर मानला जातो. बाहेरून त्याच्या जवळपास दुप्पट दाब तासन्‌तास पडला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो, खांदा ठणकू लागतो आणि पट्टा काढल्यावर लाल वळ दिसतो. पट्टा पाच सेंटीमीटर रुंद केला की दाब निम्म्यावर येतो. कॅमेऱ्यासोबत खोक्यात मिळणारा अरुंद पट्टा लांबच्या फिरण्यासाठी बदलावा तो याच कारणाने. नव्या पट्ट्याचे अस्तरही फार मऊ नसावे. फार मऊ फोम वजनाखाली पार चेपतो आणि कडाच रुततात.

रुंद पट्ट्याने त्वचेचा प्रश्न सुटतो, स्नायूंचा सुटत नाही. एकाच खांद्याला अडकवलेली पिशवी घसरू नये म्हणून माणूस नकळत तो खांदा वर उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू त्यामुळे दिवसभर आखडलेला राहतो, आणि तोल सांभाळायला पाठीचा कणा विरुद्ध बाजूला झुकतो. पट्टा डोक्यातून घालून तिरपा घेतला की तो घसरत नाही, त्यामुळे खांदा मोकळा राहतो. स्लिंग बॅग साध्या खांदापिशवीपेक्षा सोयीची वाटते ती यामुळेच. गळ्यात अडकवलेला कॅमेरा सर्वांत वाईट. डोक्याचेच वजन साडेचार-पाच किलो असते. त्यात छातीवर लोंबणाऱ्या कॅमेऱ्याची पुढची ओढ मिळाली की मानेच्या मागच्या स्नायूंना दोन्ही भार एकदम ओढून धरावे लागतात.

वजन पेलण्याची शरीरातली खरी जागा कंबर आहे. ओटीपोटाला दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या हाडांची वरची कड, म्हणजे इलियॅक क्रेस्ट, कमरेवर हात ठेवून बोटे दाबली की लगेच लागते. तिच्यावर टेकवलेले वजन खांदे आणि कणा यांना फारसे न शिवता मांडीच्या हाडांतून पायांकडे उतरते. खेड्यापाड्यांतल्या बायका मूल किंवा घागर कडेवर घेतात तेव्हा त्यांना आधार असतो तो याच हाडाचा. शिवाय उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य कमरेच्याच पातळीवर, त्रिकास्थीच्या किंचित पुढे असतो, आणि त्याच्याजवळ ठेवलेले वजन तोल सर्वांत कमी बिघडवते. गिर्यारोहकांच्या मोठ्या पाठपिशव्यांना जाड कंबरपट्टा असतो, तोही याच तत्त्वावर. छायाचित्रणाच्या बेल्टमध्ये पाठपिशवी गाळून फक्त तो पट्टा ठेवलेला असतो आणि त्यावर लेन्सचे पाउच ओवलेले असतात.

बेल्टचा उपयोग होतो की त्रास, हे तो नेमका कुठे बांधला यावर ठरते. पँटचा पट्टा पुष्कळदा हाडाच्या कडेच्या खाली असतो. कॅमेऱ्याचा बेल्ट त्याहून थोडा वर, कडेला मधोमध झाकेल असा बसवावा लागतो. मग हाडाचा बाहेर फुगत गेलेला आकार त्याला खाली घसरू देत नाही. सैल बांधलेला बेल्ट पावलागणिक खाली सरकतो आणि पाउच मांडीवर आपटू लागतात. उलट खूप खाली आणि करकचून बांधला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारा मज्जातंतू दाबला जातो आणि तिथे बधिरपणा किंवा जळजळ जाणवते. असे झाले की बेल्ट सैल करावा आणि वर घ्यावा. सहन करत चालू नये.

बेल्टचा ताठपणा रुंदीइतकाच महत्त्वाचा, आणि खरेदीत नेमका तोच तपासायचा राहतो. एक किलोची लेन्स बेल्टपासून दहा सेंटीमीटर बाहेर लोंबत असेल तर ती बेल्टला बाहेरच्या बाजूला पिळते, आणि हा पीळ सुमारे एक न्यूटन-मीटर असतो. तीच लेन्स अंगालगत, पाच सेंटीमीटरवर आणली की पीळ निम्मा होतो. म्हणून पाउच फुगीर नसावेत, अंगाला चिकटून बसणारे असावेत. बेल्टच्या आत कडक पट्टी आणि आतल्या अंगाला श्वास घेणारी जाळी हवी. नुसत्या मऊ निवारीवर पाउच ओवले तर ती निवार वळते, पाउच बाहेर कलतात आणि सगळे वजन एका धारेवर येते. पाउचच्या मागचे वेलक्रो किंवा लूप बेल्टवर घट्ट बसणारे असावेत. ते इकडेतिकडे सरकत राहिले तर बसताना लेन्स नेमकी कुल्ल्याखाली येते.

वजन दोन्ही बाजूंना सारखे वाटणे हेही बेल्टवरच जमते. उजवीकडे सातशे ग्रॅमची लेन्स असेल तर डावीकडे अर्ध्या लिटरची भरलेली बाटली आणि बॅटऱ्यांचा पाउच ठेवला की हिशेब जुळतो. नुसत्या बेल्टवर तीन किलोंपर्यंतच साहित्य असावे. त्याच्या वर गेले की बेल्टला खांद्यांवरून येणारे हलके पट्टे जोडावेत, किंवा सरळ पाठपिशवी घ्यावी.

पायी प्रवासातल्या छायाचित्रणाची कसोटी पाहायची तर आषाढी वारीइतका नेमका प्रसंग महाराष्ट्रात दुसरा नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर, सोबत पाऊस, चिखल आणि धूळ आलटून पालटून. दिवे घाटात पालखी चढते तेव्हा छायाचित्रकाराला कठड्यावर उभे राहावे लागते, क्षणात खाली बसावे लागते आणि दिंडी पुढे सरकली की तिच्याबरोबर पुढे जावे लागते. पाठीवरची बॅग काढून जमिनीवर ठेवायला तिथे कोरडी जागा नसते, आणि ती काढून उघडेपर्यंत रिंगणातला घोडा समोरून निघून गेलेला असतो. बेल्टवरच्या पाउचमधून लेन्स एका हाताने, नजर न वळवता काढता येते. अशा गर्दीत पाउचची झाकणे अंगाच्या बाजूने उघडणारी असावीत आणि मागच्या बाजूला काही ठेवू नये. कीर्तनात किंवा गाभाऱ्याजवळ वेलक्रोचा फाटल्यासारखा आवाज सगळ्यांचे लक्ष वेधतो, म्हणून झाकणाला चेन किंवा बकल बरे.

आकार ठरवताना घरातली प्रत्येक लेन्स धरू नये, त्या प्रवासाला लागणाऱ्याच धराव्यात. २४-७० ची लेन्स लावलेला कॅमेरा अठरा ते वीस सेंटीमीटर लांब होतो, ७०-२०० ची लेन्स एकटीच वीस सेंटीमीटरच्या पुढे जाते. हूड उलटा लावल्यावरची जाडीही मोजावी. लेन्सच्या पाउचमध्ये एक जागा मुद्दाम रिकामी ठेवावी. लेन्स बदलताना काढलेली लेन्स आधी त्या जागेत जाते आणि मगच दुसरी बाहेर येते. ही रिकामी जागा नसेल तर दोन लेन्स आणि एक उघडी बॉडी दोन हातांत सांभाळावी लागते, आणि वस्तू पडतात त्या याच वेळी.

लहान संचाचा आग्रह नवा नाही. जर्मनीत लाइट्स कंपनीतल्या ऑस्कर बर्नाकने ३५ मिलिमीटरच्या सिनेफिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास तयार केला. दम्यामुळे काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन डोंगरात फिरणे त्याला जड जात होते. त्याच रचनेतून १९२५ मध्ये लायका बाजारात आला. पुढे वृत्तछायाचित्रकारांच्या गरजेतून खास पिशव्या निघाल्या. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या अमेरिकी दैनिकातल्या जिम डॉमके यांनी १९७५ मध्ये स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची मऊ, अंगाला वळणारी पिशवी शिवून घेतली आणि ती व्यवसायात रूढ झाली. इंग्लंडची बिलिंगहॅम कंपनी मूळची मासे धरायला जाणाऱ्यांच्या पिशव्या बनवणारी. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्या कॅमेऱ्यासाठी विकत घेत आहेत असे लक्षात आल्यावर ती या धंद्याकडे वळली. दोन्ही पिशव्यांचे यश कापडाच्या मऊपणात आणि रुंद तोंडात होते. आजच्या बॅगेतही हे गुण शोधावेत.

फोमचे काम पडलेल्या कॅमेऱ्याला थांबायला अंतर देणे. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू एक सेंटीमीटर अंतरात थांबली तर तिच्यावरचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट असते. दोन मिलिमीटरमध्येच थांबली तर पाचशेपट. फोम आपली पूर्ण जाडी कधीच चेपू देत नाही, म्हणून तळाशी दीड-दोन सेंटीमीटर जाडी ठेवणे योग्य. बाजूंना एक सेंटीमीटर पुरते. बंद पेशींचा ईव्हीए फोम पाणी शोषत नाही आणि वर्षानुवर्षे आकार टिकवतो. उघड्या पेशींचा स्पंज ओला झाला की लवकर वाळत नाही. अंगठ्याने दाबून पाहावे: फोम सहज तळाला टेकला तर तो दिखाऊ आहे.

कापडाच्या लेबलवर डेनिअर हा आकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. आकडा मोठा तर धागा जाड, बॅग टिकाऊ पण जड. लहान बॅगेला ५०० च्या आसपासचे कापड पुरते. नायलॉन झिजायला चिवट, पण ओलावा शोषून थोडे ताणते; पॉलिएस्टर पाणी फारसे घेत नाही. चेनवरचा ५, ८ किंवा १० हा आकडा मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली साधारण रुंदी सांगतो, आणि मुख्य झाकणाला ८ च्या खालची चेन घेऊ नये. बॅग सर्वांत आधी बिघडते ती चेनपाशीच.

कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात फिरणाऱ्याला कापडाचा आणखी एक गुण पाहावा लागतो. बॅगेच्या आतल्या बाजूला असलेला पॉलियुरेथेनचा थर पाणी अडवतो, पण दमटपणात तो काही वर्षांत चिकट होऊन सोलू लागतो. पाणी मात्र बहुतेक वेळा शिवणीतून आणि चेनमधून शिरते, म्हणून वेगळे पावसाळी आवरण लागतेच. बॅगेचे दुसरे एक काम फारसे बोलले जात नाही: कॅमेऱ्याचे तापमान हळूहळू बदलू देणे. बाहेर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. एसी गाडीत २२ अंशांवर थंड झालेली लेन्स अशा हवेत उघडी काढली की तिच्यावर लगेच बाष्प जमते. बाहेर पडल्यावर बॅग वीस मिनिटे तरी बंदच ठेवावी, मग काच धुकट होत नाही.

घरी आल्यावर मात्र कॅमेरा बॅगेत ठेवू नये. बंद बॅग ओलावा धरून ठेवते आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवावी. बॅग वेगळी, उघडी, हवेशीर जागी वाळवावी आणि वॉशिंग मशीनमध्ये कधी धुऊ नये.

विमानप्रवासात बेल्टचा आणखी एक फायदा. देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातले सामान सहसा ७ किलोंपर्यंतच नेता येते, त्यामुळे बॅगेचे स्वतःचे रिकामे वजन जितके कमी तितका साहित्याला वाव. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत; त्या हातातच, टोके झाकून न्याव्या लागतात. मिररलेसची बॅटरी साधारण ७.२ व्होल्ट आणि २२८० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १६ वॉट-तासांची असते, त्यामुळे १०० वॉट-तासांच्या मर्यादेत ती सहज बसते. टोपणे लावलेल्या बॅटऱ्यांचा छोटा पाउच बेल्टवरून काढून सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये टाकता येतो.

खरेदीला जाताना स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स सोबत न्याव्यात. रिकाम्या बॅगेवरून काहीच कळत नाही. बॅग पूर्ण भरून, बेल्ट हाडाच्या कडेवर बांधून जिना चढून-उतरून पाहावा, उकिडवे बसावे, मांडी घालून बसावे, आणि डोळे मिटून लेन्स काढून परत ठेवावी. दहा मिनिटांत पाउच मांडीवर आपटला, झाकण दोन हात लागल्याशिवाय उघडले नाही किंवा खांदा वर उचलला गेला, तर बॅग कितीही नामांकित असो, ती घेऊ नये.