सर्व्हरलेस संगणन: आज्ञावलीच्या आकाराचे अर्थकारण

परीक्षेचा निकाल जाहीर होतो त्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर काही तासांत लाखो विद्यार्थी येतात. एरवी तेथे तुरळक वर्दळ असते. एका दिवसाच्या गर्दीसाठी वर्षभर मोठी यंत्रणा बाळगणे परवडत नाही आणि लहान यंत्रणा नेमकी त्याच दिवशी कोलमडते. मागणीतील अशा चढउतारांवरील एक उपाय म्हणजे ‘सर्व्हरलेस’ संगणन होय. यात सर्व्हर नसतो असे नाही. त्याची मालकी व देखभाल पुरवठादाराकडे असते. ग्राहक आपली छोटी आज्ञावली, म्हणजेच ‘फंक्शन’, सुपूर्द करतो आणि ती जितका वेळ चालेल तितक्याचेच मोल देतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, येथे स्थिर खर्चाचे रूपांतर बदलत्या खर्चात होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने ‘लॅम्डा’ ही सेवा जाहीर केली, तेव्हा ती जावास्क्रिप्टमधील आज्ञावल्यांसाठी होती. आरंभी १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी होणारी आकारणी डिसेंबर २०२० पासून १ मिलिसेकंदाच्या टप्प्याने होऊ लागली.

थंड आरंभ

मागणी आली आणि फंक्शनची तयार प्रत मोकळी नसली, तर नवे वातावरण उभारणे, आज्ञावली आणणे व ती वाचून सज्ज करणे ही कामे आधी करावी लागतात. यास ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. ॲमेझॉनच्या मते त्याचे प्रमाण सामान्यतः १ टक्क्याहून कमी असते आणि त्यास १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी ते १ सेकंदाहून अधिक वेळ लागतो. मात्र गर्दी अचानक वाढते तेव्हा नव्या प्रती एकदम लागतात. म्हणजे विलंब नेमका गर्दीच्या वेळी जाणवतो. आज्ञावली जितकी अवजड, तितका हा वेळ अधिक.

गठ्ठा कसा बांधतात?

जावास्क्रिप्टमधील आज्ञावली बहुधा इतरांनी तयार केलेल्या अनेक पॅकेजांवर अवलंबून असते. त्यांतील एखादेच कार्य हवे असले, तरी हजारो फायली सोबत जातात. ‘बंडलर’ हे साधन मुख्य फाइलपासून सुरुवात करून कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे याचा माग काढते आणि आवश्यक तेवढेच एका फाइलीत आणते. न वापरलेला भाग गाळण्यास ‘ट्री शेकिंग’ म्हणतात. झाड हलवून वाळलेली पाने पाडावीत, तशी ही क्रिया आहे. २०१५ च्या भाषा-मानकातील ‘इम्पोर्ट’ व ‘एक्स्पोर्ट’ रचनेमुळे ती सुकर झाली; जुन्या ‘रिक्वायर’ पद्धतीत ती तितकी प्रभावी ठरत नाही. ‘मिनिफिकेशन’मध्ये मोकळ्या जागा व टिपा काढून नावे आखूड करतात. वेबपॅक, रोलअप व ईएसबिल्ड ही या कामाची परिचित साधने आहेत.

खर्चाचा हिशेब

पूर्वी, झिप स्वरूपात दिलेल्या व ॲमेझॉनच्या तयार रनटाइमवर चालणाऱ्या फंक्शनच्या सज्जतेचा वेळ सामान्यतः देयकात धरला जात नसे. १ ऑगस्ट २०२५ पासून तो धरला जातो. अदृश्य असलेला खर्च आता तो निर्माण करणाऱ्याकडे आला आहे.

एक उदाहरण घेऊ. १ जीबी स्मृती वापरणारे फंक्शन महिन्यात १० लाख वेळा, दर वेळी २०० मिलिसेकंद चालले, तर २ लाख जीबी-सेकंद होतात. दर दहा लाख जीबी-सेकंदांस सुमारे १६.६७ डॉलर या दराने, मोफत मर्यादा न धरता, ३.३३ डॉलर होतात. १ टक्का वेळा, म्हणजे १०,००० वेळा, १ सेकंदाचा थंड आरंभ झाल्यास त्यात सुमारे १७ सेंटची भर पडते. गठ्ठा बांधून तो ०.४ सेकंदावर आणल्यास बचत केवळ १० सेंटची. परंतु वापरकर्त्यांचे ६,००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटे, वाचतात. तात्पर्य, खरा लाभ देयकात नसून प्रतीक्षेत आहे.

मर्यादा

गठ्ठा बांधल्यावर चुकीची जागा शोधणे अवघड होते. त्यासाठी मूळ ओळींशी सांगड घालणारा ‘सोर्स मॅप’ जपावा लागतो. यंत्रभाषेत संकलित केलेले घटक एका फाइलीत बांधता येत नाहीत, ते वेगळे जोडावे लागतात. लॅम्डामध्ये झिपमधील आज्ञावली उलगडल्यावर २५० एमबीपेक्षा मोठी असू नये, अशी मर्यादाही आहे.

वापरानुसार आकारणीच्या व्यवस्थेत अनावश्यक भार हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजतोच: कधी देयक भरणारी संस्था, तर अधिक वेळा पडद्याकडे पाहत थांबलेला नागरिक.