तारापूरचे दोन जुने संच

मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि कूलर रात्रभर थांबत नाही. वीज कुठून येते म्हटलं, की आपलं बोट चंद्रपूरच्या कोळशाकडे जातं. पण आपलं ७६५ केव्हीचं उपकेंद्र ज्या ग्रिडला जोडलेलं आहे, त्याच ग्रिडसाठी पालघर जिल्ह्यात समुद्रकाठी अणुवीजही तयार होते. तारापूरचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी उत्पादनाला लागले. देशातली ती पहिली अणुवीज.

जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीच्या या भट्ट्यांमध्ये पाणी आतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. शिवाय भट्टीतल्या गरम पाण्यावर आणखी वाफ करणारी दुय्यम बाष्पजनित्रं होती. त्यांच्या नळ्या गळू लागल्या. किरणोत्सर्गाच्या जागेत पुन्हा पुन्हा माणसं उतरवून नळ्या बुजवत बसण्याऐवजी ती जनित्रंच बाजूला काढली. २१० मेगावॉटचा प्रत्येक संच १६० वर आला. दोन्ही मिळून १०० मेगावॉट कायमचे सोडून दिले. तारापूरचा सगळ्यांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो, कारण पुढचं आयुष्य त्यावर उभं राहिलं.

अणुकेंद्राचा मोठा खर्च उभारणीचा, त्यामानाने इंधनाचा कमी. उभारणीचे पैसे फिटले, की जुना संच फार स्वस्त वीज देतो. पण एक संच दिवसभर बंद राहिला तर ३८ लाखांहून अधिक युनिट बुडतात. त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. मोठी दुरुस्ती वेळेवर करणंच शेवटी परवडतं.

२००५-०६ मध्ये संच महिनोन्‌महिने थांबवून असंच मोठं काम झालं. साठच्या दशकातल्या आराखड्यात दोन्ही संचांच्या काही सुरक्षा यंत्रणा सामाईक होत्या. एकाकडची अडचण दुसऱ्याला भोवली असती. त्या वेगळ्या केल्या. आणीबाणीचे नवे, अधिक ताकदीचे डिझेल जनरेटर बसवले. मुख्य नियंत्रण कक्षात जाता आलं नाही तर भट्टी शांत ठेवता यावी, म्हणून दुसरा पूरक कक्ष उभा राहिला.

२०११ मध्ये फुकुशिमात त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनरेटर निकामी केले. तिथल्या भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच. तारापूरला एक जुना आधार होता: वीज गेली तरी काही तास भट्टीची उष्णता पंपाशिवाय, नैसर्गिक प्रवाहाने ओढून घेणारा आपत्कालीन कंडेन्सर. तरीही बाहेरून पाणी आत सोडण्यासाठी खास जोडण्या केल्या गेल्या.

मग पाळी आली भट्टीतलं पाणी फिरवत ठेवणाऱ्या पुनराभिसरणाच्या पाइपांची. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या सांध्याशी धातूत ताण उरतो. गरम पाण्यातला ऑक्सिजन वर्षानुवर्षं तिथेच काम करतो आणि कणांच्या सीमांवरून बारीक भेग आत सरकते. डोळ्यांना ती दिसत नाही, अल्ट्रासाउंडने पकडावी लागते. २०२० मध्ये दोन्ही संच थांबले, आणि पुढे ठिगळं न लावता ते पाइपच बदलायचं काम हाती घेतलं गेलं. अशा कामात अरुंद जागेत प्रत्येक वेल्डर छातीवर डोसमापक लावून उतरतो, आणि ठरलेला डोस भरला की सांधा अर्धवट असला तरी बाहेर येतो. उरलेलं काम दुसरा पुढे नेतो.