उपचार आणि शुश्रूषा : वार्धक्यातील खर्चाचा प्रश्न

'शुश्रूषा' हा शब्द संस्कृत 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला असून, ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे सेवा, आणि मराठीत विशेषेकरून रुग्णाची सेवा, हा अर्थ रूढ झाला. उपचार आणि शुश्रूषा हे शब्द बोलण्यात जोडीने येतात. वृद्धांच्या आरोग्यासाठी केलेल्या आर्थिक तरतुदीत मात्र त्यांची फारकत झालेली आढळते.

घाटकोपर किंवा बोरिवली येथील एखाद्या कुटुंबातील पंचाहत्तरीच्या वृद्धेचे खुब्याचे हाड मोडले, अशी कल्पना करावी. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यामुळे संलग्न रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा भार हलका होतो. घरी परतल्यानंतरची औषधे व तपासण्या यांसाठी हे संरक्षण १५ दिवस टिकते. परंतु उठविणे, न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री जागणे ही कामे महिनोन्महिने चालतात, आणि त्यांना योजनेत स्थान नाही. त्यांसाठी पगारी बाई ठेवावी लागते, अथवा सून किंवा मुलगी नोकरी सोडते. दुसऱ्या प्रकारात खर्च नाहीसा होत नाही. तो हिशेबात दिसेनासा होतो.

राहते घर हाच उपनगरातील पुष्कळ मध्यमवर्गीयांचा मुख्य संचय होय. तथापि घराच्या किमतीतून बाईचा मासिक पगार भागत नाही. घर न विकता त्यावर हप्त्याहप्त्याने रक्कम देणारी 'रिव्हर्स मॉर्टगेज' योजना २००७ साली आली. ती फारशी रुजली नाही.

जर्मनीने १९९५ मध्ये व जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र, सक्तीचा विमा सुरू केला. जपानात चाळिशीपासून वर्गणी भरावी लागते. पासष्टीनंतर, रोग कोणताही असो, दैनंदिन व्यवहारात किती साह्य लागते यावरून लाभ ठरतो. जर्मनीत घरच्याच माणसांनी शुश्रूषा केल्यास रोख भत्ताही घेता येतो. सुनेच्या श्रमाची तेथे निदान नोंद होते.

भारतात बहुसंख्य कामकरी असंघटित क्षेत्रात असल्याने पगारातून वर्गणी कापण्याची ही पद्धती जशीच्या तशी उचलता येणार नाही. मात्र उपचाराच्या विम्यात घरगुती शुश्रूषेचे स्वतंत्र कलम घालणे शक्य आहे. तसे झाल्याखेरीज शस्त्रक्रियेवर खर्च केलेला सार्वजनिक पैसाही पुरता सार्थकी लागणार नाही. कारण शस्त्रक्रिया झालेली वृद्धा पुन्हा चालू लागणे हे पुढील काही महिन्यांच्या शुश्रूषेवर अवलंबून असते.